गाडीच्या पाईपला जाळ्याची गाठ

आणि मी परत सांगतो, गाडी जुनी झाली म्हणून कोणी भंगारात देत नाही. पण बाबांचं एकच, "उभी केली की थरथरते, बंद पडते. आज भंगारवाला येतोय."

मी इकडे मस्कतला गॅरेजमध्ये, व्हॅन तिकडे वर्सोव्याला. त्याच व्हॅनमधून आई मासळी बाजारात नेते. व्हॅन गेली तर रोज रिक्षावाल्यांच्या विनवण्या. ओली पाटी बघून कोण थांबतं?

सकाळी व्हिडिओ कॉल लावला. "बाबा, इंजिन चालू ठेवा आणि फोन जवळ धरा." थरथरीच्या आत बारीक सूं सूं आवाज येत होता, म्हणजे कुठूनतरी हवा आत ओढली जात होती. फोन फिरवता फिरवता एक रबरी पाईप दिसला. त्याला निळा नायलॉनचा दोरा गुंडाळलेला.

"हे काय?"

"चिरला होता, मी बांधला. जाळ्याची गाठ आहे रे, सुटायची नाही."

"गाठ झकास आहे बाबा, पण हवा जाते ना आत. तो पाईप मुठीत घट्ट दाबा."

त्यांनी दाबला आणि थरथर थांबली.

मागून आई म्हणाली, "आता भंगारवाल्याला नको म्हणून तुम्हीच सांगा."

बाबांनी मूठ काही सोडली नाही.

तुमच्या घरी पण आहे का कोणी, जे दिसेल ते दोऱ्याने बांधतं? नवा पाईप आणि दोन क्लिपांचे पैसे बाबांना आत्ता पाठवतोय, चारशे रुपये.