दिगंबरची बोट पोचवायची होती

बोट विकायची हे ठरलं तेव्हा पद्मिनीला वाटलं होतं, विकत घेणारा येईल, ट्रेलरला जोडेल आणि घेऊन जाईल. पण ट्रेलरवर मावेल एवढी लहान ती बोट नव्हती. विकत घेणारा माणूस वॉटरफर्डचा, बोट स्कनेक्टडीच्या धक्क्याला, मध्ये मोहॉक नदी आणि तिच्यावरची लॉक्स, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोटींना वरखाली नेणारे दारांचे हौद. तिचा नवरा दिगंबर म्हणाला, आपणच नेऊन देऊ. एखादा माणूस ठरवू या, असं तिने एकदा सुचवून पाहिलं. त्याने मान हलवली. वाद घालायला लागणारी ताकद तिने हल्ली दुसऱ्या कामांसाठी राखून ठेवलेली असायची, म्हणून ती बरं म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी दिगंबरला स्ट्रोक आला होता. त्याची डावी बाजू गेली, मग अर्धीमुर्धी परत आली. पाय घासत का होईना पण चालायला लागला, डावा हात मात्र कोपरापासून खाली नावालाच राहिला. त्याआधी ते स्कनेक्टडीलाच राहायचे. तो टर्बाइनच्या कंपनीत इंजिनिअर होता आणि उन्हाळ्यातला प्रत्येक रविवार नदीवर काढायचा. वैनगंगेच्या काठी पवनीत वाढलेला माणूस, पाण्याशिवाय त्याला करमत नसे. आजारपणानंतर चांगला इन्शुरन्स मिळेल अशी नोकरी पद्मिनीला मॅसॅच्युसेट्समध्ये मिळाली आणि ती दोघं श्रूजबरीला आली. बोट मात्र तिथेच राहिली, ताडपत्रीखाली.

पद्मिनीचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. त्याची अंघोळ, शर्टाची बटणं, गोळ्या, व्यायाम. मग स्वतःचं ऑफिस, त्यात मध्येच उठून त्याचं जेवण. संध्याकाळी पुन्हा व्यायाम. मदतीला बाई ठेव, असं सगळे सांगत. घरात परकं माणूस त्याला चालणार नाही, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. कुणी विचारलं की ती म्हणायची, होतंय की सगळं.

त्या शनिवारी अंधारातच निघून ती दोघं नदीवर पोचली. इंजिन सुरू करणं, दोर सोडणं, धक्क्यापासून बोट हळूच बाहेर काढणं, सगळं तिने केलं. इतकी वर्षं सुकाणू दिगंबरकडे आणि दोर तिच्याकडे असायचे. आता उलटं झालं होतं. तो पुढच्या बाजूला खुर्चीत बसून होता, आणि पाण्यातल्या हिरव्या लाल खुणांमधली खोल पाण्याची वाट कुठे वळते ते मागे न बघता हाताने दाखवत होता. नदी रुंद आणि संथ होती. कडेने झाडी, मधूनच कुणाचा लाकडी धक्का. पद्मिनीला त्यातलं काही दिसत नव्हतं. झोप डोळ्यांवर येत होती आणि मान दुखत होती.

पहिलं लॉक आलं तेव्हा तिने रेडिओवरून तिथल्या माणसाला दार उघडायला सांगितलं. हिरवा दिवा लागला. दोन उंच भिंतींमधल्या त्या हौदात बोट आत घेऊन तिने भिंतीला लावली आणि इंजिन बंद केलं. भिंतीवरून जाड दोर खाली सोडलेले असतात. एक पुढे दिगंबरने धरायचा, एक मागे तिने. पाणी खाली जाऊ लागलं की दोर हातातून हळूहळू सुटू द्यायचा, बोटीला कधीही बांधायचा नाही. हे त्यानेच तिला वीसेक वर्षांपूर्वी शिकवलं होतं.

मागचं दार बंद झालं, पाणी उतरायला लागलं. तिचा दोर सरकत होता. भिंत वर वर जाऊ लागली, ओली, शेवाळलेली. आणि मग पायाखालची फळी तिरकी झाल्यासारखं तिला वाटलं. आधी वाटलं, आपल्यालाच चक्कर येतेय. तेवढ्यात आतल्या ओट्यावरचे कप घरंगळून फुटले. तिने पुढे पाहिलं. बोटीचं नाक भिंतीला लटकलं होतं आणि मागची बाजू पाण्याबरोबर खाली चालली होती. दिगंबर उजव्या हाताने बोटीच्या लोखंडी खुंटीवरचा दोर ओढत होता. त्याने तो तिथे गुंडाळून टाकला होता आणि आता सगळ्या बोटीचा भार त्यावर आला होता. तो सुटणं शक्य नव्हतं.

ती वर बघून जोरात ओरडली. भिंतीवरच्या माणसाने ऐकलं असावं, कारण भोंगा वाजला. पण पाणी थांबायला वेळ लागतो. ती आत गेली, ड्रॉवरमधली पावाची सुरी घेतली आणि कठड्याला धरून बाजूच्या चिंचोळ्या पट्टीवरून पुढे गेली. दिगंबरला तिने खांद्याने मागे ढकललं. तो खुर्चीवर आदळला. तिने दोर कापायला सुरुवात केली. एकेक पीळ तुटत गेला आणि मग एकदम सगळा. बोट धाडकन पाण्यावर पडली, पाणी उसळून दोघांच्या अंगावर आलं. गुडघे फळीवर आपटून ती तिथेच बसली.

वरचा माणूस विचारत होता, लागलं का कुणाला. तिने हात वर करून नाही म्हटलं.

पाणी पुन्हा उतरून तळाला पोचलं. पुढचं दार उघडलं, तरी ती उठली नाही.

"मी गुंडाळला," दिगंबर म्हणाला. त्याचे शब्द हल्ली जड यायचे. "हात धरत नव्हता."

"मला हाक मारायची."

"दिवसभर हाकच मारतो तुला. शर्टासाठी, चपलेसाठी. म्हटलं, एवढा एक दोर तरी..."

ती हातातल्या सुरीकडे बघत होती. रागवायला हवं हे तिला कळत होतं, पण राग वर येतच नव्हता. त्याच्याऐवजी जे आलं ते तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, टेक्सासमध्ये असलेल्या लेकीलाही नाही.

"मी फार दमलेय, अहो," ती म्हणाली. "आता होत नाही माझ्याच्याने."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "माहितीये मला. तू म्हणशील याची वाट बघत होतो. मी म्हटलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

भिंतीवरच्या माणसाने पुन्हा हाक दिली. मागे दुसरी बोट थांबली होती. पद्मिनी उठली. सुकाणूपाशी जायच्याऐवजी तिने त्याचा दंड धरला, त्याला मागे आणलं आणि सुकाणूच्या उंच खुर्चीवर बसवलं. एका हाताने सुकाणू आणि त्याच हाताने वेगाचा दांडा जमेल का, हे तिने विचारलं नाही. दोर धरायला तिला दोन्ही हात होते, त्याला नव्हते. हे सकाळीच सुचायला हवं होतं, पण दमलेल्या माणसाला साधी गोष्टही सुचत नाही.

वॉटरफर्डच्या अलीकडे लॉक्स एकापाठोपाठ एक येतात, जिन्यासारखी. दिगंबरने बोट प्रत्येकात घातली. एकदा भिंतीला जोरात घासली, तेव्हा तो स्वतःशीच पुटपुटला. दोन दोर एकट्याने सांभाळता येत नाहीत म्हणून तिने बोटीच्या मध्यावरचा एकच घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. तळवे सोलवटले. प्रत्येक लॉकमध्ये पाणी उतरताना ती बोटीच्या केबिनला डोकं टेकून डोळे मिटायची, आणि दार उघडल्याचा आवाज आला की उघडायची.

वॉटरफर्डला विकत घेणारा माणूस बायकोसह धक्क्यावर उभा होता. दोघं उत्साहाने बोलत होती. दिगंबरने त्यांना इंजिनाच्या दोन खोडी सांगितल्या, पुढच्या खुंटीवरचा ओरखडा दाखवला आणि किल्ल्या दिल्या. टॅक्सीने कारपाशी परत येईपर्यंत ऊन उतरलं होतं. हायवेवर पहिल्याच विश्रांतीच्या जागी पद्मिनीने गाडी लावली, सीट मागे केली आणि झोपली. जाग आली तेव्हा पार्किंगमधले दिवे लागले होते. दिगंबर लेकीशी, रुचाशी, फोनवर हळू आवाजात बोलत होता. आईला उठवू नकोस, असं रुचा सांगत होती. तो म्हणाला, नाही उठवत. आणि मग म्हणाला, सोमवारी त्या मदतीला बाई पाठवणाऱ्या एजन्सीला तू फोन कर, मला नीट बोलता येत नाही.

पुढच्या महिन्यापासून आठवड्यात तीन दिवस सीमा नावाची बाई यायला लागली. दिगंबरला ती अजिबात आवडली नाही. फार बोलते म्हणे, आणि चहा पाणचट करते. पद्मिनीने ते ऐकून घेतलं, बाईला बदललं मात्र नाही. त्या तीन दिवसांत ऑफिस सुटल्यावर ती लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून अर्धा तास बसते. आत जाऊन पुस्तक आणावं, असं मनात असतं. अजून जमलेलं नाही.