आलिझेची मागची सीट

दुपारचं जेवण अंगावर आलंय आणि टीव्हीवर फ्रेंच लोक भांडतायत. मी पलंगावर आडवी आहे, अर्धी जागी. ही जुनी मालिका निनादनं, माझ्या मुलानं, कुठूनशी शोधून लावून दिलीय. सगळं कृष्णधवल, आणि कळत एक अक्षर नाही. पण तीत विमानवाहू जहाज आहे, त्यावर नौदलाची विमानं आहेत, आणि त्यांतलं एक आलिझे आहे. पुढे एकच पंखा, पोटाखाली रडारचा गोल डेरा. आपल्या नौदलानंही हीच घेतली होती. ह्यांचं विमान.

"आई, बाबा अशाच विमानात बसायचे ना?" टीव्ही लावताना निनाद म्हणाला, आणि लगेच मुद्द्यावर आला. "गुरुजी परवाचा दिवस देतायत. आता करून टाकू."

मुद्दा पालाशविधीचा. ज्याचं प्रेत मिळत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. हे विमानासकट समुद्रात गेले तेव्हा निनाद पाळण्यात होता. बारा वर्षं वाट बघायची रीत, तीही केव्हाच उलटली. पण मी कुणाला काही करू दिलं नाही. मेलेलं कुणी पाहिलंय का, असं विचारायचे. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. मी हो म्हटलं की हे खरंच मरणार, आणि मारणारी मी.

पडद्यावर आलिझे दुमडलेले पंख उलगडतं. मागच्या सीटवरून हे खाली उतरतात. तीच बारीक मिशी. एका अधिकाऱ्याशी फडाफडा फ्रेंच बोलतायत.

"अहो, फ्रेंच कधीपासून?" मी विचारते. "घरी इंग्रजी पेपर वाचताना घाम फुटायचा."

"इथे बोलावंच लागतं. चहा टाक."

जहाजाचा डेक म्हणजे वास्कोच्या क्वार्टरमधलं आमचं स्वयंपाकघर आहे. ओट्याला लागून विमानं ओळीनं उभी आहेत. जमीन कलते तसं पातेल्यातलं दूध एका बाजूला जातं. ह्यांच्या बाहीतून पाणी गळतंय. मी टॉवेल देते. हे पुसतात, पुसतच राहतात, आणि पाणी काही थांबत नाही.

"त्या मालिकेत वैमानिक समुद्रात पडतो," मी सांगते. "हेलिकॉप्टर येऊन उचलतं त्याला. काल बघितलं मी. आपल्या नौदलाच्या चेतकसारखंच दिसतं ते. तुम्हालाही कुणी उचललं असेल. एखाद्या बेटावर नेलं असेल."

"तो नट आहे गं. भिजला की घरी जाऊन आंघोळ करतो."

"आणि तुम्ही?"

"मी अजून तिथेच आहे."

मला संताप येतो. "मग इतकी वर्षं सांगायला काय झालं होतं?"

"तू कुणाचं ऐकतेस?"

दूध उतू जाईल म्हणून मी वळते, तर ओटा नाही. हेलिकॉप्टरचं उघडं दार आहे आणि मी त्याच्या कडेला पाय सोडून बसलेय. खाली काळा-पांढरा समुद्र. माझ्या हातात लोखंडी दोर आहे. दोराच्या टोकाला हे, कमरेपर्यंत पाण्यात. मी ओढते. आता विहिरीवरून साधी कळशी आणवत नाही मला, तरी जीव खाऊन ओढते.

"वर या हो."

"नाही येत वर. जड झालोय."

"निनाद आलाय. सून गुणाची आहे. एकदा तोंड तरी दाखवा त्यांना."

"शरयू, मला थंडी वाजते." तक्रार नाही, नुसतं सांगतायत. "तू धरून ठेवलंयस, म्हणून मी ना वर ना खाली. आता जाळ कर कुठेतरी माझ्या नावानं."

"सोडलं तर तुम्ही मराल."

"ते कधीच झालंय. तुझ्या हातून नाही झालं."

मी रडते. मोठ्यानं, लाज सोडून. हे वर बघत थांबलेत, ओठ निळे पडलेत. ह्या काळ्या-पांढऱ्या जगात तेवढाच एक रंग आहे. मग मी हात उघडते. दोर सर्रकन निघून जातो. खाली पाणी उडत नाही, आवाज होत नाही. जिथे हे होते तिथे एक लाट येते, मग दुसरी.

टीव्ही कधीचा बंद झालाय. सून, मृणाल, चहा घेऊन उभी आहे. मी कप धरायला जाते आणि हात भाजल्यासारखा मागे घेते. दोन्ही तळव्यांवर आडवा लाल वळ उठलाय, मधे कातडी सोलून निघालीय.

"अगंबाई. आई, हे काय झालं?" ती माझे हात हातात घेते.

"निनादला हाक मार," मी म्हणते. "गुरुजींना विचार म्हणावं, परवाच्याऐवजी उद्याच जमेल का."

"आई, पण तुम्हीच तर नको म्हणत होतात."

"विचार त्यांना. बाबा गारठलेत."