आधी चूळ भरून या

"आधी चूळ भरून या. तोंडातली ती भाषा थुंका, मग पाठ घ्या."

आम्हाला भाषा शिकवणारे कॉलेजचे सर हे मला म्हणाले. समोर पहिलीची पोरं, मागे माझ्यासोबत डी.एड. करणाऱ्या मुली. सराव पाठ होता. शाळा राळेगाव तालुक्यातल्या एका पोडावरची. पोड म्हणजे आम्हा कोलामांची वस्ती. एवढ्या मुलींत पोरांचं बोलणं मला एकटीलाच कळत होतं आणि तोच माझा गुन्हा ठरला.

पाठ होता 'आमची बाग'. बंगला, झोपाळा, गुलाब, माळी. दिवस कापूस वेचणीचे. पोरांची बोटं बोंडांनी ओरबाडलेली. माळी कोण, झोपाळा कशाला, काही कळेना. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग एका पोरीला मी कोलामीत विचारलं, तुझ्या घरामागे काय काय उगवतं? वर्ग जागा झाला. वाल, काकडी, भोपळा. कुणाच्या आईने काय लावलं, कुणाच्या बकरीने काय खाल्लं. बागेपर्यंत आम्ही पोचतच होतो. तेवढ्यात सरांनी डस्टर आपटलं.

मी गेले. बाहेरच्या रांजणातलं पाणी घेतलं, चूळ भरली, थुंकले. पोरं खिडकीतून बघत होती. मला नोकरी हवी होती आणि शेरा सरांच्या हातात होता. परत येऊन गुलाबावर शुद्ध मराठीत बोलले. पोरं गप्प. सर खूश. वहीत लिहिलं, 'वर्गात उत्तम शिस्त'.

हे म्हणे भाषेचे शिक्षक! वर्ग मुका झाला की यांचा पाठ यशस्वी.

सुट्टीत त्या पोरीने विचारलं, बाई, तुमच्या तोंडात काय होतं? मी म्हणाले, काही नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्गात शिरण्याआधी रांजणापाशी गेली. चूळ भरली. मग पाटी घेतली.

सरांना मी विसरले असते. त्या पोरीला नाही. नोकरी लागल्यावर तेच पोड मागून घेतलं.

पुढे कापसाच्या कर्जाने माणसं गिळायला सुरुवात केली आणि जिल्ह्यात जीपा फिरू लागल्या. कुणी प्रश्न विचारायला, कुणी फोटो काढायला. एका जीपमधून सर उतरले. आता बोलीभाषेचं महत्त्व सरकारला पटलं होतं, म्हणून सरांनाही पटलं होतं. पोरांसाठी कोलामी शब्दांची पुस्तिका काढायची होती. संपादक अर्थात सर. त्यांनी मला ओळखलंही नाही.

"तीनशे शब्द अर्थासकट लिहून द्या, रविवारपर्यंत. तुमची संस्कृती जपायला हवी ना?"

माझं तोंड कडू झालं. इतकी वर्षं साहेबलोकांसमोर राखलेली शुद्ध मराठी मी बाजूला ठेवली.

"सर, यादी भेटणार नाही. तुमाले शब्द पायजेत ना? मंग पहिलीत बसा. पोट्टे शिकवतीन. चुकले तरी कोनी चूळ भराले लावणार नाही."

सरांचा चेहरा उतरला. आता ओळखलं त्यांनी.

"बाई, वरिष्ठांशी बोलायची ही पद्धत आहे?"

"हो. आमची हेच हाय."

पहिलीत बसायची त्यांची छाती नव्हती. जीप गेली.

'आमची बाग' मी अजून शिकवते. आधी कोलामीत, घरामागच्या भोपळ्यापासून. मागे निरीक्षक बसलेला असला तरी थांबत नाही. शेरा काय लिहायचा तो लिहा. रांजणातलं पाणी इथे पिण्यासाठी आहे.