परमुलखातली भरती

हे गेल्यावर मी देवाशी बोलणं सोडलं होतं असं नाही. बोलत होते, पण एकच वाक्य. तिन्हीसांजेला दिवा लावायचा, हात जोडायचे आणि म्हणायचं, "आता मलाही घेऊन जा." बास, एवढंच. इथे बहरीनमध्ये, माहूज भागातल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला लहानसा देव्हारा आहे, त्याच्यापुढे उभी राहून मी वर्षभर हेच म्हणत आले. मुलगा आणि सून कामावरून यायच्या आत म्हणून घ्यायचे, उगाच त्यांच्या कानावर नको. आमचे हे इथे एसी मेकॅनिक होते. सगळं आयुष्य दुसऱ्यांची घरं थंड करण्यात गेलं. आता गावी जाऊन राहायचं म्हणून बॅगा काढल्या होत्या, आणि एका दुपारी छातीत कळ आली ती शेवटचीच. बॅगा तशाच राहिल्या, माझ्या पलंगाखाली.

आम्ही सिंधुदुर्गाकडचे. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे गाऱ्हाणं फार सुरेख घालायचे. मुलाची परीक्षा असो, कोणाचा व्हिसा अडलेला असो, हे देव्हाऱ्यापुढे उभे राहिले की मी हातात डाव तशीच धरून मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचे. जन्मभर माझं काम तेवढंच. आणि आमच्यात असं मानतात, की व्हय म्हणणारं कोणी नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. मग मी एकटी कशाला घालू?

तर एकदा जेवताना नातीने मला फोनवर एका बेटाचे फोटो दाखवले. कुठेतरी पृथ्वीच्या पार पलीकडे, कॅरिबियन समुद्रात. मधोमध ज्वालामुखीचा हिरवा डोंगर, माणसं थोडी, गडबड नाही. ती इंग्रजीतून म्हणाली, आजी, तू इथे जा, कोणी तुला त्रास देणार नाही. मी म्हटलं, "आणि तो डोंगर फुटला तर गो?" मुलगा हसत म्हणाला, "मग तर तुझं कामच झालं, आये." आणि बोलल्यावर तो एकदम गप्प झाला.  माझं ते वाक्य त्याच्या कानावर गेलं होतं, हे मला तेव्हा समजलं. केव्हापासून, देव जाणे.

पुढच्याच आठवड्यात त्याने मला जवळच्या एका बेटावर दोन दिवसांसाठी पाठवलं. बहरीनच्या दक्षिणेकडून बोट जाते. त्याला लीव्ह मिळेना, सुनेची शिफ्ट. म्हणाला, "तू एकटी जा, जरा शांत बस, हवापालट होईल." मला हवा पालटायची नव्हती, पण त्याच्या तोंडाकडे बघून गेले. बेट म्हणजे झाड ना पेड, पिवळी वाळू, काळे पक्षी आणि एक हॉटेल. ज्वालामुखीसुद्धा नाही. खोलीत मऊ गादी, बाहेर समुद्र आणि बोलायला कोणी नाही. पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसून राहिले. शांतता चांगली असते म्हणतात, पण दुःखी माणसाला शांततेत आपलंच ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर बघते तर समुद्र लांबवर ओसरलेला, आणि आत एक रेतीचा पट्टा उघडा पडलेला. त्याच्या टोकाला खुंटांची रांग होती, जाळी लावलेली. आमच्या खाडीतही असे खुंट मारतात, पाण्याबरोबर आलेले मासे ओहोटीला आत अडकतात. इतक्या वर्षांत इथे मला ओळखीचं असं काही पहिल्यांदा दिसलं. माझे वडील खाडीवर होडी चालवायचे. त्यांनी शिकवलेलं, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी चतुर्दशी. म्हणजे साडेदहाला भरती आणि साडेचारला पुरती ओहोटी. आता तर कुठे तीन वाजले होते. पाणी अजून जाणारच, म्हणून चपला हातात घेऊन मी बिनधास्त चालत गेले. बहरीनमध्ये इतकी वर्षं काढली, पण समुद्र बघितला तो गाडीच्या काचेतून. त्याची वेळ कोणाला विचारायची कधी गरजच पडली नव्हती.

टोकाला वाळूवर बसले. एका खुंटाला कापडी पिशवी अडकवलेली होती, आत थर्मास. कोणीतरी विसरलं असेल. मी पाठ किनाऱ्याकडे करून ह्यांच्याशी मनातल्या मनात बोलत बसले, आणि पाय ओले झाले तेव्हा मागे वळून पाहिलं. माझ्यात आणि किनाऱ्यात पाणीच पाणी होतं. आधी वाटलं, थांबूया, ओसरेल. हिशोब चुकला हे मनाला पटायलाच वेळ लागला. चालून बघितलं तर पट्ट्याच्या मधला भाग खोल, कमरेच्या वर पाणी आणि ओढ अशी की पाय ठरेना. कशीबशी परत खुंटापाशी आले. मोबाईल खोलीत चार्जिंगला. हाका मारल्या त्या वाऱ्याने नेल्या. सूर्य खाली जाऊ लागला.

वर्षभर जे मागत होते ते माझ्यापुढे गुडघाभर, मग मांडीभर उभं होतं. खरं सांगते, मला ते नको होतं. मला मुलाचा तो गप्प झालेला चेहरा दिसला. आता त्याला आयुष्यभर वाटेल, की आये मुद्दामच गेली.  खुंटाला मिठी मारली आणि माझ्या तोंडून ह्यांचे शब्द आले. "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेक परमुलखात पाण्यात उभी आसा. तिचा काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, आणि तिका तिच्या झिलाकडे पोचव रे म्हाराजा." जन्मात पहिल्यांदा मी गाऱ्हाणं घातलं. मग सवयीने थांबले, कोणी व्हय म्हणेल म्हणून. कोण म्हणणार? नुसतं पाणी.

पुन्हा तेच म्हटलं, ओरडून. आणि खुंटांच्या पलीकडून, पाण्यावरून आवाज आला, "ऐवा! ऐवा!"

इथे ऐवा म्हणजे हो. आमच्या खालचा दुकानदार दिवसातून शंभरदा म्हणतो. पण तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला तो आज लिहितानाही आला.

एका लहान होडीत थोब, म्हणजे इथला पायघोळ पांढरा झगा, गुडघ्यापर्यंत खोचलेला एक म्हातारा बहरीनी होता. त्याने हाताला धरून मला ओढून आत घेतलं. जुनी माणसं इथे हिंदी बोलतात, तसा तो बोलला, "क्या अम्मा, मच्छी का जेल में क्यूँ बैठा?"

मी रडत म्हटलं, "भाई, हमारे गाँव में इस टाइम पानी जाता है."

"तुम्हारा गाँव का पानी तुम्हारा गाँव में. ये मेरा पानी." मग त्याने वाकून ती खुंटावरची पिशवी सोडवली. मासे काढायला तो दुपारी, ओहोटीलाच येतो. भरतीत इथे येऊन करायचं काय? पण आज थर्मास विसरला. "नवा है. बीवी खलास कर देगा," म्हणाला. झाकणात चहा ओतून त्याने मला दिला. कोमटच होता. मी विचारलं, आधी कधी विसरला होतात का? त्याने जरा आठवून पाहिलं आणि म्हणाला, "मफी." कधीच नाही. मग आकाशाकडे बोट केलं आणि इंजिन चालू केलं. त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

हा चमत्कार होता असं मी म्हणत नाही. म्हातारी माणसं विसरतात, मीही मोबाईल विसरले होते. घरी येऊन मुलाला सगळं सांगितलं. ते वाक्यही सांगितलं, आणि ते मी आता म्हणत नाही हेही.  तो बराच वेळ माझे पाय चेपत बसला, मग पलंगाखालच्या बॅगा काढून माळ्यावर ठेवल्या.

दुःख गेलेलं नाही. दुपारी घर रिकामं असलं की अजून ह्यांच्या पावलांची चाहूल घेत बसते. पण तिन्हीसांजेला मी गाऱ्हाणं घालते. न्यायचं केव्हा हे देवाला सांगत नाही. ते पाणी त्याचं आहे, वेळ त्यालाच ठाऊक. मी माझ्या खाडीचं गणित घेऊन त्याच्या समुद्रात बसले होते, आणि तरी त्याने मला उचलून घेतलं, ह्याहून जास्त काय मागू? बोलून झालं की घटकाभर थांबते. घरात कोणी असेल तर म्हणतं, व्हय म्हाराजा. कोणी नसेल तरीही मी थांबतेच.