बसून चालतंय

"ए बाई! ए! ग्राउंड पे नहीं! किनारे से, किनारे से!"

माईकवरनं. सगळ्या मैदानावर घुमलं. खुर्च्यांवरची माणसं हसली. एकीनं तर मोबाईल वर धरला. आणि ती ‘ए बाई’ म्हणजे माझी आई.

थांबा, आधीपासनं सांगतो. मी पोरगी हाय, पण आमच्या उचगावात पोरी बी ‘गेलो, आलो’च म्हणतात, तसंच लिवतोय. बेळगावजवळच्या एका मिलिटरी कॉलेजात मी कॉम्प्युटर ऑपरेटर हाय. कॉन्ट्रॅक्टवर. कॉलेजाचं नाव सांगत न्हाय. आई तिथंच माळीकामाला, माझ्या आधीपासनं, चौदा वर्सं झाली. जागा निघाल्याचं तिनंच गेटवर ऐकलं, तिनंच मला अर्ज कर म्हटलं. पण ती माझी आई हे ऑफिसात कुणालाच म्हाईत न्हवतं. मीच सांगितलं न्हवतं. पहिल्याच दिवशी तिला म्हणालतो, "आत दिसलो तर हाक मारू नको गं." ती व्हय म्हणाली. लगेच. एवढं लगेच कशाला म्हणाली, हे मी तवा विचारलो न्हाय स्वतःला.

कॅम्पस लई देखणं. लाल कौलांच्या लांबच लांब इमारती, दगडी कमानी, मेस, हॉस्टेलं, गेटात एक जुनी तोफ. रस्त्याच्या दोन्ही अंगाला दगड, एक गेरूचा एक चुन्याचा, एक गेरूचा एक चुन्याचा. ते आई रंगवती. इमारतींची जोती बी तीच. एकूणएक इमारतीला तिचा हात लागलाय. आत मात्र एकीत बी गेलेली न्हाय.

आणि मधोमध परेडचं मैदान. ते कुणी तुडवायचं न्हाय. परेडवाले सोडून सगळ्यांनी कडंनं फिरून जायचं, मोठे सर बी. आई आणि आणखी आठ बायका मात्र रोज तिथंच. बसून. खुरपं घेऊन लव्हाळा काढायचा, बसल्या बसल्या पुढं सरकायचं. कोण उठून चार पावलं चालली की मुकादम वरडतो, "बसून चालतंय, उभ्यानं न्हाय!" आई घरात त्याची नक्कल करायची. आम्ही पोट धरून हसायचो. मी बी.

त्या दिवशी पेरेंट्स डे होता. माझं काम स्टेजजवळच्या टेबलावर. येणाऱ्याच्या छातीवर ‘पालक’ लिहिलेला बिल्ला लावायचा. बेळगावच्या कॅम्पातल्या दुकानातनं घेतलेले नवे बूट घालून सकाळी सहालाच गेलतो, काय न खाता. परेड संपली आणि पालक सगळे मैदानात शिरले. टाचांच्या चपला, आईस्क्रीम, फोटो. कुणी काय म्हटलं न्हाय.

आईनं ते बघितलं. तिला वाटलं, आज मोकळं हाय.

म्हणून माझा डबा घेऊन ती मैदानाच्या मधनं निघाली. साडीवर आप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, जुना शर्ट, कोपरापतूर चुना. उभी. ताठ. चौदा वर्सांत पहिल्यांदा.

मग तो माईक.

आमच्या ऑफिसातल्या सरांनी माईक खाली घेतला, माझ्याकडं वळले. "किसकी है ये? जानती हो?"

आई धा पावलांवर होती.

"नहीं सर," मी म्हणालो. "लेबर है."

आईला हिंदी येत न्हाय. तेवढं कळलं.

ती खाली बसली. तिथंच. हातात खुरपं न्हाय, काय न्हाय. डबा मांडीवर घेतला आणि बसल्या बसल्या सरकत कडंला जायाला लागली. एवढ्या लोकांतनं. लोक आणखी हसले. मी बिल्ले लावत होतो. हात थांबला न्हाय माझा. एका बाईला ‘पालक’ लावलो, ती थँक्यू म्हणाली, मी वेलकम म्हणालो.

डबा आईनं चुन्याच्या दगडाजवळ ठेवला आणि गेली. दुपारी मी तो खाल्लो. तांदळाची भाकरी, वांग्याची भाजी. भूक लागलती. खाल्लो.

  त्या दिवसापासनं घरात मुकादमाची नक्कल बंद झाली.

सोमवारी सरांनी नोटीस काढायला सांगितलं, मराठीत आणि कन्नडात. ‘लेबर महिलांनी मैदानावर उभ्याने चालू नये.’ मी लई फास्ट टाईप करतो, ऑफिसात सगळ्यांत फास्ट. ‘लेबर’ टाईप झालं आणि बोटं आडली. समोर स्क्रीनवर माझाच शब्द. पहिल्यांदा मीच बोललेला, आता छापून भिंतीला लागणार.

"सर, ये मैं नहीं करेगी."

"क्यूँ?"

"वो मेरी आई है."

"तुमने तो बोला नहीं जानती."

"झूठ बोला, सर."

 सरांच्या तोंडावर राग बी न्हवता, नुसता कंटाळा. "सोच लो. कल सुबह बताना. टाईप करनेवाली बहुत मिलती हैं."

मी पळतच बाहेर आलो. वाटलं, आता आईला सांगायचं. आई ऑफिसाच्या बाहेरचे दगड रंगवत होती.

"आई."

तिनं मान वर केली न्हाय. "मॅडम, सरका जरा. चुना ओला हाय, बुटाला लागंल."

"मी सांगून आलो गं सरांना. तू माझी आई हायस म्हणून."

"मग? मी काय करू?"

ब्रश पुढच्या दगडावर गेला.

बरोबर हाय तिचं. ती माझी आई, हे मला आधी बी म्हाईतच होतं की. सांगितलो त्यात काय मोठं केलो? मी माफी बी मागणार न्हाय. माफी मागितली की मी मोकळी, आणि ती परत खुरपं घेऊन खालीच. मला मोकळं व्हायचं न्हाय.

उद्या आठाला सरांना जबाब द्यायचाय. ऑफिसाची वाट कडंनं जाती. मी कडंनं जाणार न्हाय. मैदानाच्या मधनं जाणार, आप्पांचा तो चुना लागलेला शर्ट अंगात घालून, उभ्यानं. वरडू देत माईकवरनं. विचारू देत, किसकी है ये.

विचारूच देत.