इन शॉर्ट

जळगाव जामोदला आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान आहे. दुकानदार गोळी पोटात जाऊन काय काय करते ते आधी सविस्तर सांगतात, मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "इन शॉर्ट मावशी, लाल सकाळी, पांढरी रात्री." एकदा एक म्हातारी भडकली, "मंग हेच पह्यले सांगाले काय झालं होतं बे तुले?" सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.

पत्नीच्या आजारात मी रोज तिथे जायचो. शेवटच्या तपासणीनंतर अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते, "आता फक्त त्रास कमी ठेवू." मला ते चांगलं लक्षण वाटलं. दुकानात तसं सांगून मी ताकदीचं टॉनिक मागितलं. त्यांनी बाटली काढली, क्षणभर हातात धरली आणि परत फळीवर ठेवली.

"इन शॉर्ट, सर..." ते अडखळले. काउंटरच्या बाहेर येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. "वहिनी आता बऱ्या होत नाहीत. टॉनिक राहू द्या. त्यायले जे आवडते ते खाऊ घाला."

त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांचं पथ्य मोडून तिनं भाकरीवर ठेचा घेतला. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबली नाही.

"डॉक्टर हो म्हणाले?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.