जिभेला चिकटलेलं हाड
नव्या माठाचा वास आला, की मला पूर्णेचा काठ आठवतो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासरच्या बायांसोबत गाणी म्हणत नणंदेच्या भुलाबाईची मातीची मूर्ती नदीत शिरवायला गेले होते. ओल्या वाळूत एक तपकिरी, जड तुकडा दिसला. दगड की जुनं हाड, हे आम्ही भूशास्त्र शिकलेले लोक जीभ लावून ओळखतो. बारीक छिद्रांमुळे हाड जिभेला चिकटतं. सवयीनं मी जीभ लावली आणि ते चिकटलं. हजारो वर्षांपूर्वीच्या हत्तीचं असावं, असं सांगायला मी वळले, तर गाणी थांबली होती. सासूबाई म्हणाल्या, "काहून व, हाड चाटून राहिली? फेक ते. आजपासून नदीवर जायचं नाई." मी ते पाण्यात टाकलं. नदी अजून स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. नवा माठ आला, की मी आधी दाराला कडी लावते आणि मग त्याला जीभ लावून बघते. चिकटते.